प्लेटिंगनंतरचं माप

मी आयुष्यात एकदाही गोळी झाडलेली नाही. पिस्तूल हातात धरलेलं नाही, आणि सिंगापूरमध्ये राहते म्हणजे धरायची शक्यताही नाही. इथे काडतुसाची एक रिकामी पुंगळी खिशात सापडली तरी माणूस अडचणीत येतो. तरीही पिस्तुलाच्या पुंगळीचं तोंड किती उघडावं आणि किती मिटवावं, यावरून मी माझ्या साहेबांशी जेवढी भांडले, तेवढी लग्नाला एकवीस वर्षं होऊनही नवऱ्याशी भांडलेली नाही. त्याला आता चार वर्षं झाली. राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

मी पुण्याची. टूल अँड डायचा डिप्लोमा केला, सहा वर्षं भोसरीत नोकरी केली, मग नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागून इकडे आले. तीन वर्षं घरात बसल्यावर आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका लहानशा कारखान्यात लागले. मोजमाप विभागात. विभाग म्हणजे एक एसी खोली, दोन मशीनं आणि मी. बुकित पंजांगहून एलआरटी, एमआरटी अशा दोन गाड्या आणि मग बस करत रोज जायचे, आणि खरं सांगते, आनंदाने जायचे.

कारखान्यात पोलादाहून कठीण अशा कार्बाइडच्या रिंगा आणि डाय, म्हणजे साचे, व्हायचे. त्यातलं एक गिऱ्हाईक अमेरिकेतलं होतं. तिकडे पुष्कळ लोक घरच्या घरी काडतुसं भरतात. गॅरेजमधल्या टेबलाला एक हातप्रेस बसवायची आणि झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा वापरायच्या. त्या प्रेसमध्ये लागणारा तीन डायचा संच आम्ही करत होतो. काम समजायला अवघड नाही. गोळी झाडली की पितळेची पुंगळी फुगते. पहिला डाय तिला दाबून पुन्हा मापात आणतो. ती मग जरा जास्तच आवळलेली असते, म्हणून दुसऱ्या डायमधला प्लग तिच्या तोंडात शिरून तोंड किंचित मोठं करतो आणि कडा केसभर बाहेर वळवतो, म्हणजे नवी गोळी न खरवडता आत बसते. तिसरा डाय गोळी बसवतो आणि ती वळलेली कडा परत मिटवतो. या मिटवण्याला क्रिम्प म्हणतात. आम्ही ज्या पुंगळ्यांसाठी डाय करायचो, त्यांत गोळी धरून ठेवायचं काम पुंगळीची भिंत करते, क्रिम्प नाही. साहेबांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं.

साहेब मुंबईचे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, आमच्या मराठी मंडळात सगळ्यांच्या ओळखीचे, गणपतीत माइक हातात घेऊन सूत्रसंचालन करणारे. कारखान्यात ते माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. मराठीत बोलायला लागले की समजायचं, काहीतरी नियमाबाहेरचं करून हवंय.

आणि अंकल. ते चौसष्ट वर्षांचे, इथेच सिंगापूरला जन्मलेले चिनी गृहस्थ. कारखाना उघडला तेव्हापासून ग्राइंडिंग आणि लॅपिंग त्यांच्याकडे. कार्बाइडची रिंग हिऱ्याच्या पेस्टने घासून ते अशी आणायचे की मशीनने मोजताना मला आपलाच श्वास आड येतोय की काय वाटायचं. मला ते 'गर्ल' म्हणायचे, मी त्रेचाळीस वर्षांची असताना. जेवायच्या सुट्टीत आम्ही खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांपुढे, एका टेबलावर बसायचो. बोलणं फारसं नसायचं. ते मासेमारीबद्दल दोन वाक्यं बोलायचे, मी माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल दोन.

एकदा गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की दुसऱ्या डायच्या प्लगला पितळ चिकटतंय. साहेबांनी तोडगा काढला, प्लगवर हार्ड क्रोमचं प्लेटिंग, म्हणजे मुलामा, करायचं. तोडगा वाईट नव्हता. तुआसच्या औद्योगिक भागातला एक प्लेटिंगवाला ठरला. अंकलनी प्लग घासून दिले, मी मोजले, ड्रॉइंगवर होतं त्या मापात अगदी चोख होते. मी म्हटलं, आता प्लेटिंग होऊन परत आले की पुन्हा मोजते.

साहेब माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि मराठी सुरू झालं.

"अगं, ते इकडे परत येणार नाहीत. तुआसवरूनच थेट शिपमेंटला जातील. तू रिपोर्टवर सही करून टाक."

"सर, पण यावर 'अंतिम तपासणी' लिहिलंय. प्लेटिंगची जाडी धरायला नको?"

"क्रोम कितीसा असतो? मायक्रॉनच्या गोष्टी आहेत या. गिऱ्हाईक बोंबलतंय तिकडे. आपल्या माणसाने एवढं अडवलं तर कसं व्हायचं?"

आपल्या माणसाने. मी सही केली. हे मी लपवणार नाही. माझा साहेबांवर जेवढा राग आहे, त्यातला एक वाटा त्या पेनाचं टोपण काढणाऱ्या माझ्या हातावर आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मायक्रॉनच्याच गोष्टी करायला मला तिथे पगार मिळत होता.

दोन महिन्यांनी दुसरी तक्रार आली. काडतूस पिस्तुलात चढताना गोळी पुंगळीत मागे सरकते आहे. ही बारीक तक्रार नव्हती. गोळी आत सरकली की दारूला जागा कमी पडते आणि दाब भलताच वाढतो. व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतला तंत्रज्ञ होता. पिकलेली दाढी, मागे फळीवर ओळीने लावलेल्या डब्या, सावकाश बोलणारा माणूस. त्याने कॅमेऱ्यासमोर एक नमुन्याचं काडतूस धरलं. म्हणाला, यात दारू नाही. मग त्याने ते उलटं करून टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबलं. गोळी आत गेली. लोण्यात बोट जावं तशी.

साहेब लगेच म्हणाले, "क्रिम्प कमी पडतोय. आम्ही तिसरा डाय आणखी घट्ट करून देतो."

मी कॉलवरच बोलले, "क्रिम्पने हे होणार नाही. पकड दुसऱ्या डायमध्ये जातेय. मला प्लग परत पाठवा, मोजायचे आहेत. क्रिम्प जास्त आवळलात तर गोळीचं शिसं दबेल ते दबलेलंच राहील, पितळ मात्र थोडं मागे उसळेल. गोळी आणखी सैल होईल."

तंत्रज्ञ मान हलवायला लागला होता, तेवढ्यात साहेबांनी माझा माइक बंद केला. त्यांच्या लॅपटॉपवरून, हसत हसत. "आमची इंजिनीअर फार उत्साही आहे," असं काहीसं ते इंग्रजीत म्हणाले. मी शेजारच्या माझ्या खोलीतून कॉलवर होते. स्क्रीनवरचं माझं तोंड हलताना मला दिसत होतं आणि आवाज जात नव्हता. त्या क्षणी कानशिलं अशी तापली होती की आजही ते आठवलं की गालाला हात लावून बघते.

घट्ट क्रिम्पचे डाय गेले. एक महिना गेला आणि जे व्हायचं ते झालं. त्या अमेरिकन कंपनीच्या एका गिऱ्हाइकाचं पिस्तूल हातात असताना फुटलं. काडतुसांचं मॅगझिन खालून उडालं, मुठीला तडा गेला, माणसाच्या तळव्याला टाके पडले. बोटं शाबूत राहिली. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. हाताचा फोटो मात्र तंत्रज्ञाने पाठवला होता, कसलीही टिप्पणी न करता.

त्या आठवड्यात कारखान्यात चौकशी झाली. चौकशी म्हणजे साहेबांनी एका पानाचा अहवाल लिहिला. प्लग मापाबाहेर होते, ग्राइंडिंगमध्ये चूक झाली, कामगाराचं वय झालंय, दृष्टी अधू आहे. अंकलना महिन्याची नोटीस दिली. माझ्या रिपोर्टचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे साहेबांनी मला वाचवलं होतं, आणि मी ते समजून गप्प बसावं अशी अपेक्षा होती.

मी अंकलकडे गेले तेव्हा ते आपली मशीन पुसत होते.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? कागद त्यांचा. नेव्हर माइंड लाह, गर्ल. एक वर्ष आधी रिटायर."

"तुमचे प्लग बरोबर होते. मी मोजलेत."

त्यांनी कापड खाली ठेवलं. "मला माहीत आहे बरोबर होते," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच धार होती. "चाळीस वर्षं मला माहीत असतं."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चांगला माणूस आहे, पण त्याने पहिलं काय विचारलं असेल? "तुझा इथला वर्क पास तेच रिन्यू करतात ना?" मी पोळ्या लाटत होते. लाटणं ओट्यावर इतक्या जोरात आपटलं की मुलगी हेडफोन काढून बाहेर आली. "मॉम, चिल लाह," ती इथल्या बोलीत म्हणाली. त्या दिवशी त्या दोघांशीही मी धड बोलले नाही. त्यांची चूक नव्हती. पण ज्याच्यावर ओरडायचं तो घरात नसतो, हेच अशा नोकरीचं रडगाणं आहे.

दुसऱ्या दिवशी मी तंत्रज्ञाला स्वतः ईमेल केला. प्लगचे काही नमुने परत पाठवा, माझ्या नावाने. त्याचं उत्तर वाचून मी खुर्चीतून उठलेच. त्याने लिहिलं होतं, नमुने पाठवतो, पण एक विचारायचं आहे. प्लेटिंग ठरलं तेव्हा आम्ही सुधारित ड्रॉइंग पाठवलं होतं, त्यावर 'माप प्लेटिंगनंतरचं' अशी स्पष्ट ओळ होती. ती तुम्ही पाहिली नाहीत का? सोबत त्याने ते जुनं ईमेल जोडलं होतं. ते गेलं होतं एकाच माणसाला. साहेबांना.

अंकलच्या हातात आणि माझ्या हातात जुनंच ड्रॉइंग दिलं गेलं होतं. दिरंगाईने की विसरून, ते मला ठाऊक नाही. आधी ती चूकच असेल. पण नंतर, पिस्तूल फुटल्यावर, टाक्यांचा फोटो आल्यावर, साहेबांनी ते ईमेल नक्की पुन्हा उघडलं असणार. आणि मग बंद करून अंकलच्या डोळ्यांबद्दल लिहायला घेतलं असणार. याला मी चूक म्हणत नाही.

आठवड्याभरात नमुने आले. मोजले. क्रोमचा थर प्रत्येक बाजूने पंचवीस मायक्रॉन, म्हणजे व्यासात पन्नास, आणि पुंगळीचं तोंड तेवढंच जास्त उघडलेलं. पुंगळीने गोळीला जेवढं आवळून धरायचं, ती बहुतेक सगळी पकड त्या थराने खाल्ली होती.

आकडे दाखवले असते तर साहेबांनी आकड्यांवर आकडे रचले असते. म्हणून मला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. पुंगळ्या इथे आणणं अशक्य. मी अंकलना विचारलं. नोटिशीचे त्यांचे दहा दिवस उरले होते. त्यांनी स्टोअरमधून पितळेच्या पातळ नळीचा तुकडा आणला आणि लेथवर त्याच्या आखूड नळ्या कापल्या. बूड नाही, काही नाही, नुसत्या दोन्हीकडून उघड्या नळ्या. शिसं त्यांच्या गळाच्या वजनांचं. वितळवून, मग लेथवर धरून त्यांनी दोन्ही टोकांनी सपाट असे बोटाच्या पेराएवढे गोल तुकडे केले. आम्ही नळ्या पहिल्या डायमधून दाबल्या. अर्ध्या नळ्यांची तोंडं बिनप्लेटिंगच्या जुन्या प्लगने उघडली, अर्ध्यांची परत आलेल्या प्लगने. शिसं बसवलं. जुन्या प्लगच्या नळीत शिसं अंगठ्याने हलेना. नव्या प्लगच्या नळीत ते सरकलं, आणि घट्ट क्रिम्प केल्यावर तर चक्क खुळखुळलं. अंकल ती नळी कानाशी धरून हलवत होते आणि हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब आत आले.

टेबलावरच्या नळ्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आणि मराठी.

"हे काय चाललंय? काडतुसं बनवताय? सिंगापूरमध्ये? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी एक फोन केला ना, तर पोलीस येतील. नोकरी तर जाईलच, देशातून बाहेर काढतील तुला. नवऱ्याला, मुलीला घेऊन जा मग पुण्याला."

अंकलना शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. ते उठून माझ्या शेजारी उभे राहिले.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू? पण त्याच वेळी असंही वाटलं की या माणसाने माझी मुलगी मध्ये आणली. तिथे माझं काहीतरी तुटलं. मी मुद्दाम इंग्रजीत बोलले, अंकलना कळावं म्हणून, आणि दार उघडं होतं म्हणून बाहेरच्यांनाही.

"करा फोन. ही पितळी नळी आहे, दोन्हीकडून उघडी. हे मासे धरायचं शिसं आहे. पोलीस आले की मी त्यांना हेही दाखवीन," आणि मी सुधारित ड्रॉइंगचा प्रिंट त्यांच्यासमोर धरला. "हे तुम्हाला आलं होतं. आम्हाला का दिलं नाहीत?"

त्यांनी प्रिंटला हात लावला नाही. आवाज एकदम खाली आला. "अगं, बाहेर जाऊन बोलूया का आपण?"

"नाही. इथेच बोला. आणि इंग्रजीत बोला."

ते निघून गेले. मी नळ्या एका ट्रेमध्ये घेतल्या आणि मालकांकडे गेले. मालक सत्तरीचे, आठवड्यातून दोनदा यायचे, आणि सुदैवाने तो त्यांचा दिवस होता. मी सगळं सांगितलं. आधी माझ्या सहीचं सांगितलं, कारण ते नंतर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं. मग ड्रॉइंग, मग प्लगची मापं, मग नळ्या. त्यांनी एकेक नळी उचलली, अंगठ्याने शिसं दाबून पाहिलं. खुळखुळणारी नळी ते बराच वेळ हातात धरून होते.

"तू सही का केलीस?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी सांगितलं म्हणून. आणि मी भ्याले म्हणून."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढे जे झालं त्यात न्याय होता असं मला वाटत नाही. प्लग बदलून गेले, क्रिम्पचे डाय परत मागवले गेले. गिऱ्हाइकाला पत्र गेलं, त्यात या चुकीला 'अंतर्गत संवादातील त्रुटी' म्हटलं होतं. माझ्या फाइलमध्ये लेखी ताकीद लागली, आणि ती मी स्वीकारली. साहेबांना ताकीद नाही. त्यांना सेल्सला हलवलं, आणि वर्षभरात ते दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेले. मालकांनी अंकलची नोटीस मागे घेतली. अंकलनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि ठरल्या तारखेलाच काम सोडलं.

"का?" मी विचारलं. मला त्यांचाही राग आला होता. एवढं भांडून मिळवलेलं ते असं सोडून चालले होते.

"डोळे अधू लिहिलं ना," ते म्हणाले. "तो कागद अजून फाइलमध्ये आहे. त्यांनी नवीन कागद दिला, जुना फाडला नाही."

मी मालकांकडे जाऊन तो अहवाल काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, नोंदी काढता येत नाहीत. आठ महिने मी तिथे राहिले आणि दर महिन्याला विचारत राहिले. मग नोकरी सोडली.

आता मी दुसरीकडे आहे, विमानाच्या सुट्या भागांचं मोजमाप करते. प्लेटिंग होऊन आलेली वस्तू माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत.

मागच्या दिवाळीत मंडळाच्या एका कुटुंबाच्या काँडोमध्ये फराळाला गेलो होतो. साहेब तिथे होते. मला पाहून लांबूनच हात जोडले, चार बायका आणि दोन पुरुषांना गोळा करून म्हणाले, "या आमच्याकडे होत्या. फार बारकाईचं काम हं यांचं. थोड्या तापट आहेत, पण मन साफ."

माझ्या हातात चकली होती. ती मी ताटलीत ठेवली आणि त्या सहा जणांसमोर, शांतपणे, सगळं सांगितलं. पुंगळीचं तोंड, प्लग, ड्रॉइंग, फुटलेलं पिस्तूल, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांबद्दल लिहिलेलं खोटं, आणि पोलिसांना फोन करायची धमकी. मराठीत सांगितलं, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. साहेब मध्ये दोनदा "अहो, ते जाऊ द्या" म्हणाले. मी जाऊ दिलं नाही. नवरा कोपराने ढोसत होता. संपल्यावर कुणीतरी चहाचं विचारलं आणि सगळे घाईघाईने "हो, हो" म्हणाले.

त्या घरी आम्हाला पुन्हा बोलावणं आलेलं नाही. गुढीपाडव्याला आणखी दोन घरांची आमंत्रणं गळली. नवरा म्हणतो, काय मिळालं? मी त्याला सांगितलं, मिळवायचं नव्हतंच. त्या फराळाच्या रात्री परतीच्या बसमध्ये मुलगी माझ्या शेजारी बसली होती. फोनवरून मान वर न करताच ती मराठीत म्हणाली, "आई, ते अंकल कुठे असतात आता?"

मला माहीत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी त्यांना फोन लावला.